आजोबांचा डबा

फेब्रुवारी उजाडला की माझ्या दवाखान्यात रक्तदाब वाढलेले काही आजी-आजोबा हमखास येतात. खोलवर विचारपूस केली की कळते, घरात ‘नीट’चा अर्ज भरणे चालू आहे. आमच्या वेळी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे. माझ्या वडिलांनी अर्जावर सही केली, एवढाच त्यांचा त्यातला सहभाग. आता मात्र सारे घरच परीक्षेला बसते.

माझ्या एका रुग्णाची हकिगत सांगते. वय ७६, मधुमेह जुना. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे नातवाच्या अर्जात मोबाइल क्रमांक आजोबांचा दिला गेला. ओटीपी केव्हाही येईल या धास्तीने ते फोन उशाशी घेऊन झोपत, म्हणजे जवळजवळ झोपतच नसत. परीक्षेचे शहर निवडताना अर्ज भरून देणाऱ्याने सुचवले, ‘पुणे टाका, मोठ्या शहरात सोय बरी असते.’ सातारा जवळ असूनही पहिल्या पसंतीला पुणे लिहिले गेले. त्या क्षणी दहिवडीहून पुण्यापर्यंतचा प्रवास कोण करणार आणि उन्हात कोण थांबणार, हा विचार कुणाच्याच मनात आला नाही.

४ मे २०२५, रविवार. पहाटेची एसटी. वाटेत चहा आणि दोन बिस्किटांवर त्यांनी साखरेची गोळी घेतली. पेपर दुपारी २ ते ५, पण दीडला फाटक बंद होणार, म्हणून नातू लवकरच आत गेला. आजोबा बाहेर पदपथावर बसले. पिशवीत सुनेने दिलेला डबा होता, तो त्यांनी उघडला नाही. ‘पोरगं आत उपाशी, आणि मी कसा जेवू?’ असे त्यांनी नंतर मला सांगितले. साडेतीनच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, समोरचा माणूस काय विचारतो ते उमजेना. शेजारी बसलेल्या एका मुलीच्या आईने प्रसंग ओळखून उसाचा रस पाजला, म्हणून निभावले. हा प्रकार त्यांनी नातवापासून निकाल लागेपर्यंत लपवला. माझ्यापासूनही लपवला असता, पण सून बरोबर होती.

मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यावर जेवण चुकले की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. ऊन आणि जागरण यांनी शरीर आधीच थकलेले असते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि थोड्या वेळाने खायला घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. आपल्या मनाने गोळी बंद करणे हाही उपाय नव्हे. सोबत जायचे ठरले असेल तर आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना त्या दिवसाच्या वेळा सांगाव्यात.

आणि अर्ज भरताना, पसंतीच्या शहरांच्या रकान्यापाशी जरा थांबावे. बरोबर कोण जाणार हे ठरवूनच तो रकाना भरावा. मोबाइल क्रमांकही असा द्यावा, ज्याचा धनी रात्री निर्धास्त झोपू शकेल.

याचा अर्थ वृद्धांना बाजूला बसवावे असा मुळीच नाही. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि इतर मागासवर्गीयांना त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या नोंदी शोधाव्या लागतात. आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, तिथे आडनाव कसे लिहिले होते, हे त्यांच्याखेरीज घरात कुणाला आठवते? हे काम त्यांचेच, आणि ते घरात सावलीत बसून होते. माझ्या या रुग्णाने ट्रंकेच्या तळातून स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला काढून दिला, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. रक्तदाब त्या दिवशी अगदी उत्तम होता.

यंदा धाकट्या नातीचा अर्ज भरला. पहिल्या पसंतीला सातारा लिहिले, क्रमांक तिच्या आईचा दिला. बरोबर आईच जाणार असे ठरले होते, पण परवा आजोबा दवाखान्यात आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, “डॉक्टर, मीही निघालोय. डबा किती वाजता उघडू, तेवढं कागदावर लिहून द्या.”