लिंकनची निवडणूक आणि श्रीगोंद्याची कर्जखतं

नोव्हेंबरात पुण्याहून दौंडमार्गे श्रीगोंद्याकडे जाणारी वाट देखणी नसते, पण कामात गढलेली असते, म्हणून मला आवडते. भीमा ओलांडली की उसाने लादलेले ट्रॅक्टर रस्ता व्यापायला लागतात, काष्टीचा बाजार लागतो, आणि कालव्याचं पाणी पोचलंय तिथवर हिरवं, त्यापुढे एकदम करडं रान दिसतं. 2025 च्या या खेपेला मात्र वाटभर एका गोष्टीने त्रास दिला. रेल्वेच्या डब्यात, चहाच्या टपरीवर, जेवणाच्या खाणावळीत, जिथे म्हणून मोबाइल किंवा टीव्ही चालू होता तिथे अमेरिकेवरची चर्चा चालू होती. अध्यक्षपदाची निवडणूक होऊन वर्ष सरलं होतं. भारतीय मालावर अमेरिकेने आधी 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून एकूण 50 टक्के आयातकर लावला होता. तरी चर्चेचा सूर मतमोजणीच्या रात्रीचाच होता: ट्रम्प आपला मित्र की शत्रू, कमला हॅरिस आपल्या होत्या की नव्हत्या, कोणामुळे आपली मान उंचावली असती. हा 'आपला कोण' प्रश्नच मला चुकीचा वाटतो. तो चुकीचा का, याचा सगळ्यात भक्कम पुरावा दीडशे वर्षांपूर्वी याच तालुक्यात घडून गेला आहे, आणि त्याच्याच ओढीने मी इकडे आलो होतो.

नात्याच्या चष्म्यातून अमेरिकेकडे पाहायची सवय एकट्या महाराष्ट्राची नाही. 2024 मध्ये तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम गावात कमला हॅरिस यांच्या विजयासाठी पूजा झाली, कारण त्यांच्या आईचे वडील तिथले. आंध्रातल्या वडलूरुला उषा व्हान्स यांच्या मूळ घराण्यामुळे आनंद झाला. आपल्याकडे बेळगाव-चिकोडीकडचे श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून गेले, 2024 मध्ये पुन्हा गेले, आणि मराठी मनाला ते सुखावणारंच होतं. कर्तबगारीचा आनंद जरूर मानावा. पण ठाणेदार डेट्रॉइटच्या मतदारांनी निवडलेले आहेत आणि त्यांना उत्तर द्यायचं आहे ते तिथल्या कामगारांना, बेळगावच्या नातलगांना नाही. मैत्रीचंही तसंच. ट्रम्प यांच्या उपस्थितीतला 2019 चा ह्यूस्टनचा मेळावा आणि फेब्रुवारी 2020 मधलं अहमदाबादचं भरगच्च स्टेडियम आठवावं. तोच अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आल्यावर रशियन तेलाचं कारण देऊन वरचा 25 टक्के कर लावताना त्या टाळ्यांचा हिशेब कुठेही आड आला नाही. यावर कोणी म्हणेल की मुलगा न्यू जर्सीत असलेल्या आईबापांनी अमेरिकेच्या निवडणुकीत जीव गुंतवू नये का? जरूर गुंतवावा. सप्टेंबर 2025 मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा पुण्यातल्या किती घरांची झोप उडाली असेल. पण त्या घरांची काळजी कायद्याची आहे, नोकरीची आहे. उमेदवाराच्या आडनावाशी तिचा संबंध नाही, आणि म्हणूनच ती काळजी चर्चेतल्या जयघोषापेक्षा शहाणी आहे.

याच वाटेवर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, आणि हे स्टेशन गेलं की मला नेहमी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आठवतं. 1886 ते 1888 अशी सुमारे तीन वर्षं त्या अमेरिकेत राहिल्या आणि 1889 मध्ये तिथल्या लोकस्थितीवर त्यांनी लिहिलं. त्या तिथून निघाल्या त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी ग्रोव्हर क्लीव्हलँड आणि बेंजामिन हॅरिसन यांची लढत झाली. तिच्यातला मुख्य वाद होता आयातकराचा, आणि देशभरची मतं जास्त मिळूनही क्लीव्हलँड हरले. आयातकरावरून देश दुभंगणं ही आजची नवलाई नाही, एवढं त्यातून कळतं. रमाबाईंच्या पाहण्यात मला मोलाचं वाटतं ते असं, की त्या देशाबद्दल अपार आदर असूनही तिथला वर्णद्वेष आणि बायकांना मत नसणं त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांच्या शारदासदन या संस्थेला पैसा बॉस्टनमधून येत होता, तरीही.

श्रीगोंद्यात पोचल्यावर शिंद्यांचे वाडे, शेख महंमद महाराजांचं स्थान आणि भीमाकाठचा पेडगावचा किल्ला पाहण्यात दिवस गेले. लिंबाच्या बागांनी मन प्रसन्न झालं. पण डोक्यात घोळत होतं ते 1875 साल. त्या वर्षी 12 मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली आणि कर्जखतं मागून घेऊन जाळली. पाहता पाहता हे लोण पुणे जिल्ह्यातून नगरकडे आलं आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावं पेटली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सावकाराने मुकाट्याने खतं हवाली केली तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. राग माणसापेक्षा कागदावर होता. तो कागद एवढा जड कशाने झाला, हे शोधत मागे गेलं की वाट थेट नोव्हेंबर 1860 मधल्या अमेरिकी निवडणुकीपाशी जाते. तिच्याइतकी दुभंगलेली निवडणूक त्या देशाने दुसरी पाहिलेली नाही. अब्राहम लिंकन जेमतेम 40 टक्के मतांवर अध्यक्ष झाले, दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावाला एकही मत पडलं नाही, आणि डिसेंबरात साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं. एप्रिल 1861 मध्ये युद्ध सुरू झालं. त्याआधी ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जात असे. 1861 मध्ये 20 लाखांहून जास्त गाठी गेल्या, 1862 मध्ये अवघ्या 55 हजार. मग मँचेस्टरची नजर मुंबईकडे वळली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी गावोगावच्या सावकारांच्या हातात पैसा ओतला, सावकारांनी तो शेतकऱ्यांच्या पदरात टाकला, आणि कपाशीच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळू लागली. 1860 ते 1864 या काळात मुंबई इलाख्यातल्या दख्खनमध्ये कपाशीखालचं क्षेत्र दुप्पट झालं. मुंबईत समुद्र हटवण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले.

1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध थांबलं आणि तिकडचा कापूस हळूहळू पुन्हा बाजारात आला. भाव कोसळले. मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्य बुडाले, पण खेड्यात जे झालं ते जास्त क्रूर होतं, कारण ते सावकाश झालं. सावकाराने हात आखडला, नवं कर्ज देईना, जुनं मागायला लागला. नेमक्या याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी झाली आणि तो कित्येक ठिकाणी पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढला. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने खताचं आयुष्य तीन वर्षं ठरवलं होतं. हेतू कुळाच्या रक्षणाचा, पण दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेलं व्याज एक करून नवं खत लिहून घेण्याची सोय सावकाराला झाली. अंगठा उठवणाऱ्याला कागद वाचता येत नव्हता. गेटिसबर्गच्या लढाईचं नाव त्याने ऐकलं असण्याचं कारण नाही. त्याला दिसत होता तो वेशीजवळच्या दुकानातला माणूस, आणि तोही बहुधा परगावचा मारवाडी किंवा गुजराती. सावकारी करणाऱ्या गावातल्या ब्राह्मणांना बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळानेही सगळा ठपका सावकारावर ठेवला आणि वाढलेल्या साऱ्याला निर्दोष ठरवलं. म्हणजे जाळणाऱ्यांनी आणि न्याय करणाऱ्यांनी एकच चूक केली. जवळचा हात पकडला, त्या हातात पैसा आणि सक्ती कुठून आली ते पाहिलं नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत मला ही चूक समजते. लंडनच्या पार्लमेंटपुढे जाणारा अहवाल लिहिणाऱ्यांच्या बाबतीत समजत नाही.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने 1972 मध्ये मांडलं की या दंग्यांचं महत्त्व वाजवीपेक्षा फुगवलं गेलं. शिवाय कपाशीचा खरा मुलूख खानदेश आणि वऱ्हाड, भीमा-घोडच्या काठची हलकी जमीन नव्हे. मग श्रीगोंद्याच्या होळ्यांचं बिल लिंकनच्या निवडणुकीवर का फाडायचं? मी फाडत नाही. अमेरिकेतलं युद्ध हे दंग्याचं एकमेव कारण होतं असं म्हणणं सावकार एकटाच दोषी म्हणण्याइतकंच अर्धवट आहे. साऱ्याचा बोजा मुंबई सरकारने ठरवला, कोर्टांनी डिक्र्या दिल्या, पाऊस नेहमीसारखा लहरी होता. पण कापूस न पिकवणारं गाव कापसाच्या लाटेबाहेर राहतं हे मला पटत नाही. लाट पैशाची होती. सावकाराची थैली सगळ्या मुलखात सैल झाली आणि सगळ्याच मुलखात आवळली गेली. तेजीत जमिनीची ऐपत वाढल्याचा समज झाला आणि त्या समजावर पुढच्या तीस वर्षांचा सारा बसला. श्रीगोंद्याच्या वाट्याला कपाशीचा भाव फारसा आला नसेल, त्या भावाची किंमत मात्र आली.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. परक्या देशाची निवडणूक अशी फक्त स्वतःच्या वहीवरून मोजायची, त्या युद्धाने तिथली गुलामगिरी संपली हे महत्त्वाचं नाही का? आहेच, आणि ते ओळखणारा माणूस त्याच दशकात पुण्यात होता. नगरमध्ये अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून प्रभावित झालेल्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या लोकांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. त्याच लढाईने शेतकऱ्याच्या गळ्यात खत अडकवलं होतं, आणि त्याच लढाईत जोतीरावांना शूद्रांच्या सुटकेची वाट दिसली. दोन्ही दर्शनं खरी आहेत. फुल्यांवर भाबडेपणाचा आरोप करणारे सांगतील की अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांत, 1876 च्या आणखी एका वादग्रस्त निवडणुकीच्या तडजोडीत, हेज अध्यक्ष झाले, दक्षिणेतलं उरलंसुरलं संघराज्याचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पुन्हा वाऱ्यावर सोडलं गेलं. खरं आहे. पण जोतीरावांनी अमेरिकेला प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. तिथल्या माणसांनी केलं ते इथल्यांनी करावं, ही त्यांची मागणी होती. अमेरिका हे त्यांच्या हातातलं माप होतं आणि मोजायचा होता आपला समाज. पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी कर्जखतं, कोर्ट, कुलकर्णी आणि गोरं सरकार अशी सगळी साखळी धरली. चौकशी मंडळाला जे जमलं नाही ते त्यांनी केलं. अमेरिकेकडे पाहावं तर असं, हेच माझं म्हणणं आहे.

आजच्या श्रीगोंद्यात ही साखळी धरायला जुने कागद लागत नाहीत. अमेरिकी कराचा फटका बसलेल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ केलं आणि पुढे ही माफी डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. जिल्ह्यातल्याच शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीवाल्याला त्या हंगामात भाव पडल्याचा राग आला असेल तो खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याचा. पुन्हा जवळचाच हात. मक्याचं प्रकरण तर थेट या तालुक्याच्या कारखान्यांपर्यंत येतं. अमेरिकेत सगळ्यात जास्त मका आणि सगळ्यात जास्त इथेनॉल आयोवा राज्यात होतं, आणि आयोवाला दुखावणं तिथल्या कुठल्याही पक्षाला जड जातं. वाणिज्यमंत्री हॉवर्ड लुटनिक यांनी सप्टेंबर 2025 मध्ये उघड तक्रार केली की 140 कोटी लोकांचा भारत आमचा मका घेत नाही. इकडे उसाचा रस इथेनॉलकडे वळवायला डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने बंधन घातलं होतं, ते 2024 च्या ऑगस्टमध्ये उठवलं, आणि मधल्या काळात कारखान्यांची गणितं कशी फिसकटली हे ऊसवाल्याला चांगलं ठाऊक आहे. उद्या व्यापार करारात मक्याला किंवा इथेनॉलला दार उघडलं, तर उसाच्या पैशावर त्याचा भार येईल. दुधाचंही तसंच, अमेरिकेला इथला दुधाचा बाजार हवा आहे आणि नगर जिल्ह्यात घरटी गोठा आहे. नोव्हेंबर 2026 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाची निवडणूक आहे. त्या रात्री इकडच्या पडद्यावर पुन्हा भारतीय वंशाच्या उमेदवारांची यादी झळकेल. मला आयोवाच्या चार जागांचा निकाल हवा असेल, आणि त्यानंतर दिल्लीत मका, इथेनॉल आणि दुधावर काय बोलणी होतात त्याची बातमी, काष्टीच्या बाजारात कळेल अशा मराठीत.