नाक त्याचं, काळजी आपली

मुलांनो, बिघडलेल्या अन्नासाठी मराठीत किती शब्द आहेत, कधी मोजलेत का? बाहेर राहिलेली आमटी आंबते. दूध नासतं. उसळीला तार सुटते. पावसाळ्यात पापड सादळतात. जुनं खोबरं खवट होतं. पाव बुरसटतो. तांदळात पोरकिडे होतात आणि रव्याला जाळी लागते. प्रत्येक बिघाडाला वेगळा शब्द! डब्याचं झाकण नुसतं उघडलं तरी घरातल्या मोठ्या माणसांना यातलं नेमकं काय झालंय ते कळतं.

पण हे सगळे शब्द आपण आपल्या ताटासाठी राखून ठेवलेत. घरातल्या कुत्र्याची पाळी आली की एकच वाक्य: "टाकून कशाला देता? मोत्याला घाला!" माझ्या लहानपणी आमच्याही घरी हेच ऐकू यायचं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. अन्न वाया घालवू नये, हा संस्कार चांगलाच आहे. पण जे आपल्या पोटाला चालत नाही, ते मोत्याच्या पोटाला कसं चालेल? शिळं आणि बिघडलेलं यांत फरक आहे. रात्री लगेच फ्रिजमध्ये ठेवलेला भात सकाळी शिळा असतो, पण चांगला असतो. दिवसभर ओट्यावर राहिलेला भात मात्र बिघडलेला असू शकतो. तो मोत्यालाही नको.

"पण काका, कुत्र्याचं नाक तर केवढं तीक्ष्ण! त्याला कळणार नाही का?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न बरोबर आहे. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. म्हणून तर पोलीस त्याला मदतीला घेतात. पण वास कळणं वेगळं आणि 'हे खाऊ नये' हे कळणं वेगळं. कुत्र्याचे पूर्वज माणसांच्या वस्तीभोवती पडलेलं उष्टंखरकटं खाऊन जगले. त्यामुळे आपण नाक मुरडू असा वास त्याला कधी कधी मेजवानीचा वाटतो. कुत्र्यानं खाणं नाकारलं तर ती एक खूण धरा. पण त्यानं मिटक्या मारत खाल्लं, म्हणून ते चांगलंच होतं असं समजू नका.

आधी घरच्या खाण्याचं बघू. चिकन-भात, अंडी, दूधपोळी असं काही तुम्ही कुत्र्याला देत असाल, तर एक नियम पाठ करा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि भर उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त नाही. साधारण 4 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू भराभर वाढतात, आणि आपली खोली नेमकी त्याच टप्प्यात असते. भाताची तर खास गोष्ट आहे. तांदळात काही जंतूंची बीजं असतात आणि ती उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि विष तयार करतात. मग तो भात पुन्हा गरम केला तरी ते विष जात नाही. बुरसटलेल्या पावाचंही तसंच. हिरवा डाग कापून उरलेला पाव कुत्र्याला घालू नका. काही बुरशींच्या विषानं कुत्रं थरथर कापतं, त्याला झटकेही येतात.

आता दुकानातून येणारे दाणे, म्हणजे डॉगफूड. कोरडे, कडक, कुरकुरीत! बघून वाटतं, यांना काय होणार? पण हे दाणे तयार झाले की त्यांवर चवीसाठी तेलाचा किंवा चरबीचा हात दिलेला असतो. पिशवी उघडली की हवा आत शिरते. हवेतला प्राणवायू त्या चरबीशी संयोग पावतो आणि ती खवट होऊ लागते. उष्णता आणि उजेड मिळाला की हे काम आणखी वेगानं होतं. तेल खवट व्हायला वेळ लागावा म्हणून कारखान्यात काही पदार्थ मिसळलेले असतात, पण तेही हळूहळू खर्च होतात. खवटपणाबरोबर काही जीवनसत्त्वंही नाहीशी होतात. वरून दाणे जसेच्या तसे दिसतात, पण आतला कस गेलेला असतो.

आम्ही कोकणात राहतो. इथे पावसाळ्यात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. चांगल्या दाण्यांत पाण्याचा अंश शेकडा 10 च्या आसपास असतो. दमट हवेत तो वाढला की दाणे सादळतात आणि मग बुरशीचं फावतं.

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या शेजारी सई राहते, सातवीत आहे. तिचा टिपू एरवी भांडं चाटूनपुसून चकचकीत करणारा. एके दिवशी त्यानं दाणे हुंगले आणि तो बाजूला जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. वर दोन उलट्या झाल्या. सईची आजी म्हणाली, "माजलाय मेला! भूक लागली की खाईल बरोबर." पण सईला काही चैन पडेना. मूठभर दाणे घेऊन ती माझ्याकडे आली.

"काका, वास घ्या जरा."

मी घेतला. उग्र, जुनाट, तेलकट वास होता.

"दिवाळीच्या करंज्या होळीपर्यंत राहिल्या तर येईल ना, तस्सा!" सई म्हणाली. खवटपणाचं याहून चांगलं वर्णन मलाही जमलं नसतं.

ते दाणे सुटे आणले होते. एका दुकानात मोठं पोतं उघडं ठेवलेलं असायचं, त्यातून किलोवर तोलून द्यायचे. पोतं कधी उघडलं, त्यावर तारीख काय होती, कुणालाच ठाऊक नाही. सईची आई टिपूला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, सोबत सई. डॉक्टरांनी टिपूचे डोळे आणि हिरड्या पाहिल्या, रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "खाणं काय देता? थोडं मिळेल का बघायला?" सईनं खिशातून पुडी काढून पुढे ठेवली. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "असा पुरावा घेऊन येणारे फार थोडे असतात."

टिपूचं यकृत ठीक निघालं. दाणे बंद केले. डॉक्टरांनी सांगितलं तसा ताजा मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन दोन-तीन दिवस दिलं, आणि स्वारी पुन्हा दारात येऊन भुंकू लागली.

डॉक्टरांनी यकृताची एवढी चौकशी का केली, ठाऊक आहे? त्यामागे बुरशीचं एक विष आहे, अफ्लाटॉक्सिन. मका, शेंगदाणे यांवर वाढणाऱ्या बुरशीतून ते तयार होतं आणि सरळ यकृतावर घाव घालतं. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्की नावाचे एक लाखाहून अधिक पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता संशय त्यांच्या खाण्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर आला आणि तिथे हे विष सापडलं. 1974 मध्ये आपल्या देशात, राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत, कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. अवेळी पावसानं भिजलेल्या मक्याला बुरशी धरली होती आणि लोकांकडे खायला दुसरं काही नव्हतं. शंभरावर माणसं दगावली. आणि त्याच घरांतलं अन्न खाणाऱ्या पाळीव कुत्र्यांनाही तोच आजार झाला.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. एकाच चुलीवरचं खाणं, एकच विष. माणसाचं पोट आणि कुत्र्याचं पोट यांत त्या विषानं काही भेद केला नाही.

हे विष फार लबाड आहे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि साध्या शिजवण्यानं ते जात नाही. अमेरिकेत कुत्र्यांच्या खाण्यात ते किती असलेलं चालेल याची मर्यादा ठरलेली आहे: एका किलोत 20 मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे 50 हजार भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे 20 मायक्रोग्रॅम! तरीही 2020 च्या अखेरीस तिथे एका कंपनीच्या दाण्यांत हे प्रमाण वाढलेलं आढळलं. जानेवारी 2021 पर्यंत 110 हून अधिक पाळीव प्राणी दगावल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. तो माल बाजारातून परत मागवताना कंपनीनं पिशव्यांवरचे क्रमांक जाहीर केले. ज्यांनी दाणे डब्यात ओतून पिशवी फेकून दिली असेल, त्यांना आपल्या घरातला माल त्यातलाच आहे की नाही हे कसं कळणार?

म्हणून साठवणीचा पहिला धडा: दाणे मूळ पिशवीतच ठेवा, आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तारीख आणि बॅच नंबर दोन्ही जवळ राहतात, आणि चरबी डब्याच्या भिंतींना लागत नाही. दर वेळी पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड दुमडा आणि चिमटा लावा. डबा गॅसजवळ, खिडकीतल्या उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकून ठेवू नका. थोडा उंचावर, कोरड्या आणि सावलीच्या जागी ठेवा.

दुसरा धडा: जुन्या दाण्यांवर नवे ओतू नका. दह्याला विरजण कसं लागतं? तळाचं खवट तेल नव्या दाण्यांना तसंच विरजण लावतं. डबा रिकामा करा, साबणानं धुवा, खडखडीत वाळवा, मगच नवी पिशवी ठेवा.

तिसरा धडा गणिताचा. उघडलेली पिशवी महिनाभरात संपावी, पावसाळ्यात त्याहून लवकर संपली तर उत्तमच. तुमचा कुत्रा दिवसाला 100 ग्रॅम दाणे खात असेल, तर महिन्याला लागतात 3 किलो. मग 10 किलोची पिशवी स्वस्त पडते म्हणून आणली, तर ती तीन महिन्यांहून जास्त उघडी राहणार! यात वाचलं काय? बेताची पिशवी आणली की टाकून द्यायची वेळ येत नाही. अन्न वाया न घालवण्याचा खरा उपाय हा.

चौथी गोष्ट मोठ्या माणसांसाठी. किडे दिसले की आपण धान्याला ऊन देतो. दाण्यांना तसं ऊन देऊ नका, उन्हानं चरबी अधिकच खवट होते. डब्यात किडे मारण्याच्या गोळ्या किंवा पावडरीही घालू नका. जाळी, किडे, बुरशी, ओलसर गोळे किंवा खवट वास, यातलं एकही दिसलं की पिशवी बाद.

डब्यातलं ओलं खाणं उघडल्यावर झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. डबा फुगलेला असेल तर उघडूच नका. कुत्र्याचं भांडं रोज घासा. दाणे काढायला वेगळी वाटी ठेवा, ती त्याच्या भांड्यात बुडवू नका. आणि दाण्यांना हात लावल्यावर साबणानं हात धुवा. हे आपल्यासाठी! 2006 ते 2008 या काळात अमेरिकेत कोरड्या डॉगफूडमधल्या साल्मोनेला जंतूंमुळे 79 माणसं आजारी पडल्याची नोंद आहे, आणि त्यांतली जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आतली बाळं होती. घरात रांगणारं भावंडं असेल तर भांडं त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

एवढं करूनही कुत्रा जेवेनासा झाला, उलट्या करू लागला, मलूल पडून राहिला, किंवा त्याचे डोळे नि हिरड्या पिवळसर दिसल्या, तर वाट बघत बसू नका. ते खाणं बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना पिशवी आणि थोडे दाणे बरोबर न्या. घरगुती औषधं नकोत.

आणि हो, बाद झालेले दाणे रस्त्याच्या कडेला ओतू नका. तिथेही कुणीतरी भुकेलं असतं, आणि त्याला डॉक्टरकडे नेणारी सई नसते. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या गाडीतच द्या.

सईनं आता घरात एक काम स्वतःकडे घेतलंय. नवी पिशवी आली की ती स्केचपेननं मोठ्ठ्या अक्षरांत लिहिते: उघडली अमुक तारखेला, संपवायची तमुक तारखेला. दर रविवारी झाकण काढून वास घेते, तळाशी बघते, डबा पुसते. पाच मिनिटांचं काम! तुमच्या घरी असा एखादा टिपू किंवा मोत्या असेल, तर आजच डब्याचं झाकण उघडा आणि पिशवीवरची तारीख वाचा. त्याला ती वाचता येत नाही. तुम्हाला येते.