मेन स्विच खाली करण्याआधी

दिवाळीच्या सुमाराला कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मशीन चालवणारे कंट्रोलर सांभाळणाऱ्या आम्हा पीएलसीवाल्यांचे फोन वाजायला लागतात. ‘साहेब, सेंट्रिफ्युगल उठंना झालंय. हंगाम संपताना चांगलं चालत होतं की!’ सेंट्रिफ्युगल म्हणजे साखर पाकातून वेगळी करणारं फिरतं मशीन. आणि यातल्या दुसऱ्या वाक्यातच बहुतेक वेळा निदान असतं.

जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम रॅममध्ये राहतो. वीज गेली की त्याला जिवंत ठेवते ती ३.६ व्होल्टची बोटाएवढी लिथियम बॅटरी. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पॅनेल वर्षभर चालू असतं, त्यामुळे बॅटरीवर भार असा येतच नाही. साखर कारखान्यात मात्र गाळप संपलं की मेन स्विच खाली येतो आणि पुढचे सहा-सात महिने सगळा प्रोग्रॅम त्या एकट्या बॅटरीच्या जिवावर असतो. शिवाय ही बॅटरी हळूहळू उतरत नाही. संपत येईपर्यंत मीटरवर ३.६ दाखवते आणि मग एकदम कोसळते. म्हणून मीटर लावून ‘अजून चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. बॅटरी तारखेवर बदलायची, व्होल्टेजवर नाही.

‘मेमरी गेली’ हे आमच्याकडे सगळ्यात स्वस्त निदान आहे. कंट्रोलर स्टॉपला जाऊन लाल दिवा लागला, की कुणीतरी घाईने एमआरईएसची, म्हणजे मेमरी रिसेटची, किल्ली फिरवतो. सॉकेटमध्ये मेमरी कार्ड नसेल, तर रॅममध्ये जे काही शिल्लक होतं तेही त्या क्षणी पुसलं जातं. माझं सांगणं असं, की आधी कशालाच हात लावू नका. कोणते दिवे लागलेत ते लिहून घ्या. लॅपटॉप जोडून डायग्नॉस्टिक बफर वाचा. शेवटच्या घटना तिथे वेळेसकट असतात. सीमेन्सच्या एस-७-३०० चं घड्याळ मुळात १ जानेवारी १९९४ वर लावलेलं येतं. नोंदींवर ते साल दिसलं, की घड्याळ कधीतरी कोरं झालंय हे कळतं आणि संशयाचा काटा बॅटरीकडे वळतो. तारखा नीट असतील तर मेमरीला दोष देण्याआधी २४ व्होल्टचा सप्लाय लोडवर मोजा आणि अर्थिंग तपासा. फाउंड्रीत पॅनेलचं दारही उघडून बघा. तिथल्या काळ्या वाळूत कोळशाची भुकटी असते, आणि ती मॉड्यूलच्या फटींत बसली की विजेला कुठेही वाट करून देते.

नंतरच्या एस-७-३०० मधून बॅटरी गेली आणि मायक्रो मेमरी कार्ड आलं. लोकांना वाटलं, चिंता मिटली. पण तेच कार्ड कुणी साध्या लॅपटॉपात घालून विंडोजने फॉरमॅट केलं, की कंट्रोलर त्याला पुन्हा ओळखत नाही. मग नवं कार्ड घ्यावं लागतं, आणि ते किमतीने महाग, हंगामात मिळायला त्याहून अवघड.

प्रोग्रॅम परत आणणं हे तरी सोपं काम आहे, प्रत असेल तर. खरं नुकसान वेगळं असतं. एका कारखान्यात जुन्या बॅकअपवरून मी सेंट्रिफ्युगल चालू केलं. मशीन फिरलं, पण साखर पिवळट यायला लागली. बॅकअपमधले आकडे मशीन बसवतानाचे होते. धुण्याचं पाणी किती सेकंद, भरणी कुठवर, स्पिन किती वेळ, हे सगळं तिथल्या ऑपरेटर तात्यांनी पाकाचा दाणा बघून हंगाम-हंगाम बदलत आणलं होतं. ते आकडे डेटा ब्लॉकमध्ये होते, आणि बॅटरीबरोबर गेले. तात्यांनी शांतपणे पॅनेलचं आतलं दार उघडून दाखवलं. तिथे मार्करने, पुसट झालेल्या अक्षरांत, त्यांनी प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवला होता. त्या दारावरून वाचून आम्ही एकेक आकडा भरला. दुपारपर्यंत साखर पांढरी झाली. चाळीस वर्षं पाक बघितलेल्या माणसाचं ज्ञान त्या मशीनमध्ये असतं, हे कंट्रोलर विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि विकत घेणाऱ्यालाही.

पहिला असा कंट्रोलर, मोडिकॉन ०८४, डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत केला. रिलेच्या पॅनेलमध्ये बदल करायचा तर तारा नव्याने जोडाव्या लागत. ते टळावं हा हेतू. तारा गेल्या, पण तारा निदान डोळ्यांना दिसत होत्या.

खंडेनवमीला आपण पॅनेलला हार घालतो. फाउंड्रीवाल्यांनी त्याच दिवशी बॅकअप घ्यावा, उत्तम. साखर कारखान्यात मात्र तोवर उशीर झालेला असतो. तिथे हे काम शेवटची मोळी पडल्यावर, मेन स्विच खाली करण्याआधी व्हायला हवं. चालू मशीनमधून, आत्ताच्या आकड्यांसकट, प्रोग्रॅम अपलोड करून घ्या. वीज चालू ठेवून बॅटरी बदलता येत असेल तर तशीच बदला आणि तिच्यावर तारीख लिहा. एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर ठेवा; २०१९ आणि २०२१ चं पंचगंगेचं पाणी आपण पाहिलंय. आणि ऑपरेटरचे आकडे वहीत उतरवून घेताना त्याचं नावही लिहा.