दिल्ली दरवाजा ते भडकल: चार पत्रे

पत्र पहिले
दिल्ली दरवाजा, छत्रपती संभाजीनगर

दिल्ली दरवाजा जुन्या शहराच्या उत्तर तोंडाशी उभा आहे. बांधला तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना तट होता. तो तुटला आणि आता वाहने कमानीला वळसा घालून जातात. त्यामुळे पहिल्या भेटीत तो चौकात उभारलेल्या स्मारकासारखा वाटतो. पण हे दार आहे. ते कोणत्या वाटेकडे तोंड करून आहे आणि आत कशाची राखण करत होते, हे डोळ्यांसमोर ठेवले तरच ते कळते.

शहराचा तट औरंगजेबाने १६८२ साली बांधून घेतला. बादशहा त्याच वर्षी सगळा लवाजमा घेऊन येथे येऊन थडकला होता, आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांची धास्ती शहराला लागून राहिली होती. जवळपास सहा मैल लांबीच्या या तटाला चार मुख्य दरवाजे होते: उत्तरेस दिल्ली, पूर्वेस जालना, दक्षिणेस पैठण, पश्चिमेस मक्का. वाट ज्या गावाला जाते त्याचेच नाव दरवाजाला, अशी तेव्हाची सरळ रीत. जालना आणि पैठण बैलगाडीच्या टप्प्यातले, दिल्ली दूरची, आणि मक्का तर समुद्रापलीकडची. चारही एकाच शहराच्या तटावर शेजारी आली. गावच्या तोंडी आज ‘दिल्ली गेट’, ‘पैठण गेट’, ‘मकाई गेट’ हीच नावे आहेत. बावन्न दरवाजांचे शहर ही ख्याती अजून सांगितली जाते. उभे मात्र मोजकेच राहिले.

दरवाजाच्या बाहेर हिमायत बाग आणि सलीम अली सरोवर आहे. आत शिरले की सरकारी कचेऱ्यांचा पट्टा लागतो, आणि प्रवाशाने थांबावे असे ठिकाण खरे तर हेच. जिल्हाधिकारी कार्यालय येथे आहे, जवळच शासकीय विश्रामगृह आहे. त्या विश्रामगृहाला लोक ‘सुभेदारी’ म्हणतात. हैदराबाद संस्थानाचे सुभे पाडलेले होते आणि सुभ्याचा मुख्य तो सुभेदार, म्हणजे आजच्या विभागीय आयुक्तांच्या तोलाचा अधिकारी. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, मराठवाडा १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला, शहराचे औरंगाबाद हे नावही २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. पण सुभेदारीत उतरलेला माणूस आजही सुभेदारीतच उतरलो असे सांगतो.

मोगलांच्या काळी याच भागात इवाजखानाची बारादरी आणि तिच्या शेजारी दमडी महाल होता. बारादरीच्या एका इमारतीत छताखालून पाण्याची पन्हळ नेलेली होती. तिच्यातून पाणी सरींसारखे खालच्या लांबट हौदात पडायचे. उन्हाळ्याच्या दुपारी बसायची जागा म्हणून याहून चांगली योजना सुचणार नाही. दमडी महालाला पुढे पाच नक्षीदार कमानींचा सज्जा होता. बांधकामावरच्या प्रत्येक मजुराकडून एक-एक दमडी घेऊन तो उभारला, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. दमडी हे चलनातले अगदी खालचे नाणे. महालाच्या नावात बादशहा किंवा सरदार नाही, मजुराची दमडी आहे, आणि एवढ्यासाठीच हे नाव जपण्यासारखे आहे.

कचेऱ्यांच्या आवारातली गर्दीही पाहण्यासारखी असते. खेड्यांतून आलेली माणसे जमिनीचे ‘सेतवार’ मागतात, ‘खासरा पाहणी’ची नक्कल मागतात. १९५४ चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आजही तोंडपाठ असते. उर्वरित महाराष्ट्रातल्या माणसाला हे शब्द परके वाटतील. ते हैदराबादी महसूल व्यवस्थेतल्या जमीन-नोंदींचे आहेत. २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरे पुन्हा उघडावी लागली. ज्या कागदांकडे कोणी फिरकत नव्हते, त्यांच्यावर हजारो घरांचे लक्ष लागले.

पत्र दुसरे
किले अर्क

दिल्ली दरवाजा आणि मक्का दरवाजा यांच्यामधली जवळजवळ सगळी जागा एकेकाळी किले अर्कने व्यापली होती. नावापाशी मराठी माणूस जरा अडखळतो. आपल्याकडे अर्क म्हणजे सूर्य, नाहीतर औषधाचा काढलेला अर्क. हा शब्द यांपैकी एकही नाही. फारसीत ‘अर्क’ म्हणजे शहराच्या आतला राजाचा बालेकिल्ला. बुखारा आणि तब्रीझ येथेही अर्क आहेत.

औरंगजेबाने हा बालेकिल्ला १६९२ च्या सुमारास बांधवून घेतला. तोवर शहराशी त्याचा संबंध जुना झाला होता. १६३६ मध्ये तरुण शहजादा म्हणून तो दख्खनचा सुभेदार झाला. १६५२ पासून दुसऱ्यांदा सुभेदार असताना, १६५३ मध्ये, त्याने शहराला आपले नाव दिले. किले अर्कला चार-पाच दरवाजे होते. तटाला कंगोरे, बंदुकीसाठी जंग्या, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज आणि बुरुजांवर तोफा होत्या. वाजंत्र्यांसाठी नगारखाना होता. नौबत दरवाजा आणि काला दरवाजा ही नावे त्या व्यवस्थेची आहेत.

प्रवेशानंतर उजवीकडे एक उंच चौथरा सगळ्या आवाराच्या लांबीभर पसरलेला होता. त्यावर बाग आणि हौद होते. जनाना महाल, मर्दाना महाल आणि शाही मशीद या भागात आहेत. महालांची अवस्था पाहून वाईट वाटते. मोठमोठे दगड आणि चुना अजून घट्ट आहेत, पण गिलावा पोपडे धरून सुटलेला आहे आणि भेगांतून पिंपळाची रोपे वर आली आहेत. पिंपळाचे मूळ भिंतीत शिरले की ते उपटून भागत नाही; वरचे रोप काढले तरी आतली मुळी वाढत राहते आणि दगड सांध्यातून सरकतो. अशा भिंतीला दुरुस्ती वेळेवर लागते आणि तीही चुन्याचीच, सिमेंटची नव्हे. सिमेंट ओल कोंडते, चुना तिला बाहेर येऊ देतो.

किले अर्क मात्र ओसाड नाही, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेले शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय याच परिसरात आहे, शासकीय चित्रकला महाविद्यालयही येथेच आहे. बादशाही कमानींच्या सावलीत गुडघ्यावर फळी ठेवून त्याच कमानींची रेखाचित्रे करणारी मुले येथे दिसतात. जुन्या इमारतीकडे इतका वेळ डोळा लावून बसणारा प्रवासी क्वचितच भेटतो. कमान कुठे सुरू होते, कुठे टोकदार होते आणि तिचा भार कोणता दगड पेलतो, हे त्या कागदांवर स्पष्ट उतरते.

या उंचवट्यावरून उत्तरेला पाहिले की जागा का निवडली ते उमगते. खाली सखल भाग, पाणी आणि झाडी आहे. हिमायत बाग ही सतराव्या शतकातली मोगल बाग; सध्या तेथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. पलीकडचे सलीम अली सरोवर पूर्वी खिजरी तलाव म्हणून ओळखले जाई. हिवाळ्यात तेथे बाहेरगावचे पक्षी उतरतात. राजवाड्याला वारा, थंडावा आणि नजरेची मोकळीक या तिन्ही गोष्टी याच बाजूने मिळत होत्या.

पत्र तिसरे
आमखास आणि जामा मशीद

‘आमखास’ हे आता मैदानाचे नाव आहे. दरबाराचे दोन भाग असत: दिवाण-ए-आम सर्वांसाठी, दिवाण-ए-खास निवडकांसाठी. दरबार गेला आणि दोन्ही शब्द जोडून मैदानाला उरले. आज तेथे सभा भरतात, मुले खेळतात. खास काही राहिले नाही, सगळे आमच झाले.

जवळच्या जामा मशिदीत शहराच्या दोन राजवटी एका छताखाली भेटतात. इमारतीला पन्नास बहुकोनी खांब आहेत, पाच ओळींत लावलेले. कमानींनी जोडल्याने आतल्या जागेचे सत्तावीस सारखे चौक पडतात आणि प्रत्येक चौकावर घुमटाकार छत आहे. समोर नऊ टोकदार कमानी आहेत. त्यांपैकी पाच अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर याने १६१२ मध्ये बांधल्या, उरलेल्या चार औरंगजेबाने वाढवल्या. अंबर उभे आयुष्य मोगलांशी लढला. त्याच्या मशिदीला मोगल बादशहाने जोड दिली, ती आधीचे काम न पाडता, त्याच्याच मापात. मशीद वापरातली असल्याने नमाजाच्या वेळा सोडून आणि विचारून आत जावे.

पत्र चौथे
भडकल आणि नौखंडा

दिल्ली दरवाजापासून भडकलपर्यंत चालत आले की काळ सत्तर वर्षे मागे जातो. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने १६१० मध्ये खडकी या गावी शहर वसवले. भडकल दरवाजा त्याने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारला. शहराच्या दरवाजांत तो सर्वांत भव्य आहे. तट बांधला गेला तो सत्तर वर्षांनी, त्यामुळे भडकल तटाचा दरवाजा कधीच नव्हता. तो अंबरच्या वाड्यापुढचा नगारखाना होता.

तो वाडा म्हणजे नौखंडा, १६१६ चा. पुढे निजाम-उल-मुल्क आसफजाहने त्यात भर घातली. १७२४ च्या शकरखेर्ड्याच्या लढाईनंतर तो दख्खनेत स्वतंत्रपणे राज्य करू लागला आणि १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला जाईपर्यंत हे शहर आसफजाही राज्याचे मुख्य ठाणे होते. नौखंडाचे नऊ खंड असे होते: पाच जनाने, एक दिवाण-ए-आम, एक दिवाण-ए-खास, एक मशीद आणि एक कचेरी. प्रत्येकाला आपली बाग, आपला हौद. राहणे, नमाज, दरबार आणि कागदपत्रे यांची दारे एकाच आवारात उघडत. त्या जागेवर आता डॉ. रफीक झकेरिया महिला महाविद्यालय आहे. जिथे पाच जनाने होते तिथे मुली पदवीचे शिक्षण घेतात.

बागांना आणि हौदांना पाणी कुठून मिळे, हे कळल्याशिवाय ही ठिकाणे पाहून होत नाहीत. अंबरने उत्तरेच्या डोंगराळ भागातून जमिनीखालून पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी. मातीचे नळ, नेमका राखलेला उतार, आणि मध्येमध्ये हवेचा दाब मोकळा करणारे उभे मनोरे, ज्यांना येथे ‘बंबे’ म्हणतात. पाणी बंब्यातून वर चढते, खाली उतरते आणि आपल्या वजनाने पुढे सरकते. त्याला उपसावे लागत नाही. ही युक्ती चालू स्थितीत पाहायची तर खाम नदीकाठच्या पाणचक्कीवर जावे. तेथे नंतरच्या काळातल्या नहरीचे पाणी बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याच्या आवारात उंचीवरून हौदात पडते. त्याच पाण्याच्या जोरावर एके काळी यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई.

भडकलच्या शेजारी टाऊन हॉल आहे आणि महानगरपालिकेची कचेरी याच परिसरात आहे. म्हणजे नौखंडाच्या नवव्या खंडाचे काम चारशे वर्षांनीही तेथून हाकेच्या अंतरावर चालते. दरवाजासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्यांनी १९५० मध्ये येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले. दरवर्षी १४ एप्रिलला माणसे निळे झेंडे आणि हार घेऊन भडकलपाशी लोटतात.