पिंपळनेरहून बारीपाड्याला

मैत्रिणींनो, साक्री तालुक्यात पांझरेकाठी आमचं पिंपळनेर. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण पूर ओसरल्यावर काठच्या बाभळी बघाव्यात! चिंध्यांसारख्या पिशव्या लोंबतात. नुसत्या सरकारी हुकमाने भागत नाही, हेच खरं.

मग कशाने भागतं? जवळच्या बारीपाड्याला एकदा जाऊन या. एके काळी तिथला डोंगर उघडा पडला होता; पाण्यासाठी बायकांची पायपीट. एम. कॉम. झालेले चैत्राम पवार तरुणपणी नोकरीमागे न जाता गावातच राहिले. गावानं मिळून नियम केला: झाड तोडलं तर दंड. दंड शेजाऱ्यांदेखत भरावा लागतो ना, म्हणून तो लागू पडतो, असं आपलं माझं मत. आज तिथे सुमारे ११०० एकर जंगल राखलेलं आहे. २००४ पासून रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते, तीही बघण्यासारखी. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

आमच्या गल्लीतल्या मुलांनीही दंडाचा डबा ठेवलाय. पातळ पिशवी घरात आणली की एक रुपया! डब्यात सर्वांत जास्त रुपये पुरुषमंडळींचे आहेत, बरं का.