पन्नास ग्रॅमची पुडी

हिंगोलीचा आहे म्हटलं की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हमखास प्रश्न येतो, ‘हिंगोली की हिंगणघाट?’ मग मी औंढा नागनाथ सांगतो, नामदेवांचं नरसी सांगतो आणि तरीही समोरचा चेहरा कोराच राहिला, तर हळद सांगतो. हळदीवर गाडी येते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला जीआय टॅग मिळाला, तेव्हापासून तर जरा ताठ मानेनेच सांगतो.

आमचं घर वसमतला. मी पुण्यात, हिंजवडीला टेस्टिंगमध्ये. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरला नावं ठेवायचा पगार घेतो. दादा शेती बघतो. आणि वहिनी? वहिनी ई-कॉमर्समध्ये आहेत. हसू नका. घरच्या सेलमची हळद, आंबेहळद घातलेलं उटणं आणि कुंकू, एवढ्या तीन वस्तूंची त्यांची वेबसाइट आहे. पॅकिंगला गल्लीतल्या दोघी बायका येतात. वर्षभर धंदा यथातथाच. नवरात्र ते भाऊबीज मात्र श्वास घ्यायला फुरसत नाही. अभ्यंगस्नानाला उटणं कुणाला नको असतं?

त्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे परदेशातला मुलगा. तो तिकडून कार्डाने पैसे भरतो आणि डबा परभणीतल्या नाहीतर नांदेडमधल्या आईकडे जातो. घासाघीस नाही, कटकट नाही.

२०२४ ची कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. शुक्रवारची रात्र. वहिनींचा फोन. ‘भाऊजी, ऑर्डरी लई येऊ लाल्यात. पण समद्या एकाच पुडीच्या.’

मी लॅपटॉप उघडला. तीन तासांत चारशेच्या वर पेमेंटचे प्रयत्न. सगळे ३५ रुपयांच्या पन्नास ग्रॅमच्या पुडीसाठी. बहुतेक फेल, तेवीस पास. नावं अशी की कीबोर्डवरून मांजर चालत गेलं असावं. दादा खूश होता, ‘जीआयमुळं मार्केट वाढलं बग!’ वहिनींनी त्याच्याकडे बघितलंही नसणार. त्या म्हणाल्या, ‘दिवाळीला एकच पुडी कोण मागवतं?’

एका वाक्यात निकाल! आमच्या कंपनीत हेच शोधायला लाखो रुपयांची टूल्स लागतात.

याला कार्ड टेस्टिंग म्हणतात. फंडा साधा आहे. चोरलेले कार्ड नंबर चोरांच्या बाजारात ठोक भावात मिळतात, पण त्यातलं जिवंत कोणतं आणि ब्लॉक झालेलं कोणतं, ते घेणाऱ्याला ठाऊक नसतं. मग तो एखादं छोटं दुकान गाठतो, त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू निवडतो आणि एकेक नंबर मशीनच्या वेगाने लावून बघतो. पास झाला की त्या कार्डाचा भाव वाढला. त्याला हळद नकोच असते. आपल्याकडच्या कार्डांना ऑनलाइन पेमेंटसाठी २००९ पासून रिझर्व्ह बँकेने जादा पडताळणी सक्तीची केली आहे. तोच आपला कंटाळवाणा ओटीपी. परदेशात दिलेल्या कार्डांना ती सक्ती लागू नाही. वहिनींचा लाडका दरवाजा नेमका तोच. आणि सणात शे-दोनशे ऑर्डरी जास्त आल्या, तर कोण चौकशी करतं?

चोरांना आपलं कॅलेंडर आपल्यापेक्षा पाठ असतं. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ मध्ये हल्ला झाला, त्याची सुरुवात ११ ऑगस्टला. दुसरा शनिवार, बँका बंद! काही तासांत अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. अमेरिकेत टार्गेट या स्टोअर्सच्या साखळीतून २०१३ मध्ये सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तीही ऐन नाताळच्या खरेदीत. चोर आत शिरले ते कूलिंगचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराच्या लॉगिनवरून. हे मी वहिनींना सांगितलं, तर त्यांनी लगेच बोटं मोडायला सुरुवात केली. साइट बनवणारा पोरगा, कुरिअरवाला, फोटो काढून अपलोड करणारा भाचा. तिघांकडे एकच पासवर्ड. आणि तो पॅकिंगच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहिलेला!

रात्री अडीचपर्यंत फोन चालू होता. तेवीसच्या तेवीस पेमेंट परत केली. खरा कार्डवाला आज ना उद्या बँकेत तक्रार करणारच. मग पैसे तर जातातच, वर दंडासारखी फी लागते. चेकआउटला ‘मी रोबो नाही’ची चाळणी लावली, एकाच ठिकाणाहून तीनपेक्षा जास्त प्रयत्न बंद. पासवर्ड बदलले, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, वर टू-स्टेप. भिंत पुसली.

सकाळी खरा झटका बसला. पेमेंट गेटवेने ‘संशयास्पद व्यवहार’ म्हणून सगळं सेटलमेंट होल्डवर टाकलं होतं. एक लाखाच्या वर रक्कम, सगळी खऱ्या गिऱ्हाइकांची. चॅटवर बॉट, बॉटच्या मागे टिकेट नंबर, टिकेटच्या मागे ‘आपला संयम महत्त्वाचा आहे’. कागद मागितले, दिले. तेच कागद पुन्हा मागितले. पुन्हा दिले. चोराचे प्रयत्न तीन तासांत थांबले होते, यांचे दहा दिवस चालू. तेही बरोबरच आहेत म्हणा, त्यांना वहिनी आणि चोर यांतला फरक आकड्यांवरून कसा कळणार? पण राग यायचा तो आलाच.

पॅकिंगवाल्या दोघींना दिवाळीआधी पैसे द्यायचे होते. दादाने भाव वाढेल म्हणून ठेवलेली हळद मोंढ्यावर नेली आणि मिळेल त्या भावाने दिली. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. फराळाचं सामान त्याच संध्याकाळी आलं.

मी एकदा सुचवलं, परदेशी कार्डच बंद करून टाकू, टेन्शन नको. वहिनी म्हणाल्या, ‘आन् त्या पोरांनी आईला काय पाठवावं?’ त्यांनी वेगळाच नियम काढला. परदेशी कार्डाची ऑर्डर किमान तीनशेची. आणि माल निघायच्या आधी जिथे डबा जायचा, त्या घरी फोन. चोराने दिलेल्या नंबरवर कुणी उचलत नाही. खऱ्या घरात मात्र कुणीतरी म्हातारी उचलते आणि पंधरा मिनिटं बोलत बसते. वहिनींचा वेळ जातो, पण पुढच्या वर्षीची ऑर्डर तिथेच पक्की होते, असं त्यांचं म्हणणं. फ्रॉड तपासायची ही पद्धत आमच्या मॅनेजरला सांगितली, तर तो म्हणाला, स्केल होणार नाही. नसेल होत!

वसुबारसेला पैसे जमा झाले. वहिनींनी पहिलं काम केलं ते फ्रीजवर कागद चिकटवायचं : १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आणि खाली, ‘ऑर्डर लिस्ट म्हणून एपीके फाइल आली तर उघडायची नाही. दादाला सांगणे.’ दादाचं नाव दोनदा अधोरेखित.

पन्नास ग्रॅमची पुडी साइटवरून काढली आहे. कुणाला एकच हवी असेल, तर फोन करावा, असं खाली लिहिलंय. दिवसाला दोन-तीन फोन येतात. वहिनी उचलतात आणि आधी विचारतात, ‘कोणत्या गावचे तुम्ही?’