खाकी कव्हरचं पुस्तक

प्रिय सोनू,

बीबीसीशेजारच्या टोकदार मनोऱ्याच्या चर्चचा फोटो धाडलास आणि विचारलंस, आजोबांच्या खाकी कव्हरच्या पुस्तकातले जॉन स्टॉट इथलेच का? हो गं, इथलेच. फोटो बघत बसले आणि इकडे डाळ करपली.

तुझ्या फोटोतल्या या ऑल सोल्स चर्चमध्ये ते १९४५ साली सहायक म्हणून लागले, १९५० ते १९७५ मुख्य पाळक. लग्न केलं नाही. पुढे पाळकनिवासाच्या गॅरेजवरच्या दोन खोल्यांत राहिले. (तुमच्या नव्या घरात म्हणे बाथरूमच तीन!) पुस्तकांचं मानधन स्वतःकडे ठेवत नसत. त्यातून गरीब देशांतल्या पाळकांना पुस्तकं जायची. ‘द क्रॉस ऑफ ख्राइस्ट’ आपल्याकडे आलं ते ८७ की ८८ साली, सुतळीनं बांधलेलं. आजोबा अर्धी दाढी तशीच ठेवून गाठ सोडत बसले. आमच्या पगारात असलं पुस्तक म्हणजे महिन्याचा किराणा.

७२च्या दुष्काळात आजोबा विहिरीतला गाळ काढायला उतरायचे, तेव्हा मंडळीतले वडीलधारे कुरकुरायचे, पाळकानं उपदेश करावा, हे कशाला? १९७४ साली स्वित्झर्लंडात लॉसानला जगभरचे ख्रिस्ती पुढारी जमले. तिथला करारनामा लिहिणाऱ्या समितीचे प्रमुख स्टॉटच. सुवार्ता सांगणं आणि अन्यायाविरुद्ध उभं राहणं, दोन्ही आपलं कर्तव्य, असं त्यात आलं. आजोबांनी त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

मला मात्र स्टॉटचे वडील आठवतात. हार्ले स्ट्रीटचे मोठे डॉक्टर, देवाधर्माचं फारसं नाही. मुलानं परराष्ट्र खात्यात जावं ही इच्छा. ऐन महायुद्धात मुलगा म्हणाला, लढणार नाही, पाळक होणार. बाप बराच काळ धड बोलला नाही. आणि याच बापानं लहानपणी त्याला रानात नेऊन, गप्प राहून पक्षी कसे बघायचे ते शिकवलेलं! स्टॉट जन्मभर जिथे उपदेशाला गेले तिथे दुर्बीण घेऊन गेले. पक्ष्यांवर पुस्तक लिहिलं, फोटोही स्वतःचेच. २०११ साली गेले, नव्वद वर्षांचे होऊन.

आपल्या घरात उलटं झालं. तुझ्या बाबानं पाळक व्हायचं नाकारून पुण्याला कॉम्प्युटर धरला, तर आजोबा सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. सुट्टीत तो घरी आला की दोघांची ताटं समोरासमोर, आणि मीठसुद्धा माझ्यामार्फत.

रविवारी त्या चर्चच्या आत जाऊन ये. नुसते फोटो काढू नकोस. स्वेटर घाल. पुस्तक मागितलंस, पण पाठवत नाही. त्यात खूण म्हणून मनिऑर्डरच्या पावत्या आहेत, सहा, त्याच सहा महिन्यांच्या. बाबाला वाटतं, होस्टेलचे पैसे मामा भरत होता.

हे तू स्वतःच वाचते आहेस ना? की मराठी विसरलीस म्हणून बाबाच वाचून दाखवतोय?

तुझी,
आजी